‘काहीच घडत नाही’ वाटणाऱ्या अंकांबद्दल

‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ या डीसी कॉमिक्सच्या सुपरहिरो चित्रकथेचे पहिले दोन अंक वाचलेत, जो तो कौतुक करतोय, पण तुम्हाला त्यात काही घडताना दिसलं नाही, तर पुढे वाचावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर जरूर वाचा. फक्त त्याआधी तेच दोन अंक पुन्हा उघडा आणि या खेपेला संवाद सोडून नुसते रंग बघत जा.

मार्च २०२५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचं लेखन डेनिझ कँपचं आणि चित्रं हावियेर रोद्रिगेसची. रंगही त्याचेच, आणि सगळी गंमत तिथेच आहे. सुपरहिरोंच्या मासिक अंकांत रंगकाम बहुतेक वेळा दुसऱ्याकडे असतं, चित्र पूर्ण झाल्यावर. इथे रेघ ओढणाऱ्यालाच रंग आधीपासून ठाऊक आहे. कथेचा नायक, एफबीआयचा जॉन जोन्स, बॉम्बस्फोटातून वाचतो आणि त्यानंतर त्याला माणसांच्या मनातलं रंगीत धुरासारखं दिसायला लागतं. घाईघाईने वाचलं तर तो धूर सजावट वाटतो. सावकाश बघा: कोणाच्या भोवती कुठला रंग आहे, तो कुठे गडद होतो, कुठे दुसऱ्या रंगात मिसळतो. घडतंय ते तिथे. मला तर हे गेल्या काही वर्षांतलं सर्वात धाडसी रंगकाम वाटतं.

तुमची तक्रार एरवी रास्तच आहे. अंकाला जेमतेम वीस-बावीस पानं, आणि कित्येक लेखक डोळ्यांसमोर संग्रह, म्हणजे बरेच अंक एकत्र छापलेलं पुस्तक, ठेवून लिहितात. मग सुटा अंक म्हणजे दोन माणसं बोलली, दार उघडलं, क्रमशः! महिनाभर थांबलेल्या वाचकावर हा अन्यायच आहे.

तसं नको असेल तर ऑक्टोबर २०२४ चा ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा पहिला अंक घ्या. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ मालिकांत ओळखीचे नायक नव्याने रचलेत, त्यामुळे इथला ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, श्रीमंत नाही, त्याची आई जिवंत आहे, आणि आपण त्याला बघतो ते एरवी त्याचा बटलर असणाऱ्या, पण इथे त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या आल्फ्रेडच्या नजरेतून. या एका निर्णयामुळे माहितीचा रतीब घालावा लागत नाही. आल्फ्रेडला जसं कळत जातं तसं आपल्याला. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह काढून बॅटमॅन ते कुऱ्हाडीसारखं वापरतो, हे वाचून मी चक्क टाळी वाजवली. अंक भरगच्च आहे, मारामारी काही ठिकाणी अती झालीय, पण पैसे वसूल.

‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन’ही उत्तम आहे, त्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

संग्रहासाठी थांबू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. बॅटमॅनसाठी थांबलात तरी चालेल. मार्शियन मॅनहंटर मात्र सुटाच वाचा, एका बैठकीत एकच अंक. आधी सहा अंकांची ठरलेली ही मालिका नंतर बारांची केली गेली, म्हणजे शेवट नजरेच्या टप्प्यात आहे. तिसऱ्या अंकानंतरही मन रमलं नाही तर खुशाल सोडा.