स्लीप ॲप्निया आणि शस्त्रक्रिया

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे असून स्लीप ॲप्नियामुळे (झोपेत घसा अडून श्वास वारंवार थांबण्याचा आजार) रात्री सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे) लावून झोपतात. त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. भूल देण्यात धोका आहे का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही, मात्र भूलतज्ज्ञांना हा आजार आधीच, झोपेच्या तपासणीच्या अहवालासह सांगावा. भुलीच्या औषधांनी घशाचे स्नायू सैलावतात आणि मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी श्वास मंदावतो, त्यामुळे श्वास अडला तरी रुग्णाला वेळेवर जाग येत नाही. म्हणूनच आम्हांला शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा नंतरच्या रात्रींची काळजी अधिक वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीही त्रास वाढू शकतो.

यंत्र व मास्क घरचाच न्यावा, कारण दुसरा मास्क नाकावर नीट बसेलच असे नाही, आणि वॉर्डात दुपारच्या डुलकीलाही तो लावावा. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, उताणे झोपवू नये, आणि बोटाला ऑक्सिमीटर सतत असावा. नळीने ऑक्सिजन चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण त्यामुळे ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला दिसत राहून मंदावलेला श्वास उशिरा लक्षात येतो. रुग्ण घोरतो म्हणजे गाढ झोपला, असे सांगणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांचे न ऐकता मध्येच श्वास थांबताना दिसल्यास परिचारिकेला तत्काळ बोलवावे. घरी आल्यावर झोपेच्या गोळ्या व मद्य वर्ज्य समजावे.