खालून वर, वाफेच्या गाडीनेच

प्रश्न : येत्या 28 नोव्हेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होतात. निलगिरीच्या डोंगरातल्या वाफेच्या गाडीने मेट्टुपालयम ते उटी जायचं, ही पत्नीची फार जुनी इच्छा. एका ट्रॅव्हल एजंटाला जुलैत 32,000 रुपये दिले. 14 ऑगस्टला त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘टॉय ट्रेन फर्स्ट क्लास कन्फर्म’, म्हणून उरलेले 60,000 भरले. आता म्हणतो, गाडी फुल आहे. कुन्नूरपर्यंत टॅक्सीने नेतो, तिथून उटीच्या गाडीत बसवतो, ‘गाडी तीच’. नको म्हटलं तर पावतीवरची ‘नो रिफंड’ची ओळ दाखवतो. पैसे बुडाले का? घरी अजून काही सांगितलेलं नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : बुडालेले नाहीत. 14 ऑगस्टचा तो मेसेज आधी जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढा, मूळ चॅट पुसू नका, फोन बदलणार असाल तर बॅकअप घ्या.

कारण सांगते. रेल्वेचं सर्वसाधारण आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. म्हणजे 28 नोव्हेंबरचं तिकीट 29 सप्टेंबरच्या सुमारास विक्रीला येणार. ऑगस्टमध्ये ज्या तिकिटाला तो ‘कन्फर्म’ म्हणत होता, ते तेव्हा कुणालाच मिळू शकत नव्हतं. आणि त्याच शब्दावर विसंबून तुम्ही साठ हजार भरलेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अशा खोट्या भरवशाला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. करार कायद्याच्या कलम 19 प्रमाणेही, चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती तुम्हाला मागे घेता येते. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारा, तोही लेखी : ‘पीएनआर नंबर द्या.’ गडबड असेल तर बहुतेक एजंटांची बोबडी इथेच वळते.

आता ‘गाडी तीच’बद्दल. मी त्या गाडीने गेले आहे, म्हणून जरा रेंगाळते. मेट्टुपालयम ते उटी 46 किलोमीटर. त्यातला कल्लार ते कुन्नूर हा टप्पा म्हणजे त्या रेल्वेचा जीव. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकतं, आणि बारा फुटांमागे एक फूट असा चढ गाडी चढते. वाफेचं इंजिन मागून ढकलत असतं, त्यामुळे पहिल्या डब्यात बसलेल्याच्या समोर नुसता रूळ आणि दरी. कुन्नूरला हे इंजिन सुटतं आणि डिझेल लागतं. म्हणजे एजंट जो तुकडा देऊ करतोय, त्यात वाफही नाही आणि दातेरी रूळही नाहीत. रंग तोच, डबे तसेच, पण तुम्ही मागितलेली वस्तू ती नव्हे. ‘खालून वर, वाफेच्या गाडीनेच’ असं कुठे लिहून मागितलं असेल, तर ते शोधून काढा. त्याच्या जाहिरातीत इंजिनाचा फोटो असेल तर तोही.

यावर तो म्हणेल, ‘ठीक आहे, गाडीच्या तिकिटाचे पैसे घ्या.’ ते भाडं सगळ्या पॅकेजच्या मानाने चिमूटभर. या जाळ्यात अडकू नका. इंग्लंडच्या अपील न्यायालयात 1972 मध्ये असाच एक दावा आला होता. दावेदार माझ्यासारखाच वकील. स्वित्झर्लंडच्या डोंगरात सुट्टीला गेला, तर जाहिरातीतला लोकगीतं गाणारा गडी कामाच्या कपड्यांतच आला आणि चार-पाच गाणी उरकून निघून गेला. बाकी सोयींचाही असाच आनंद. खालच्या न्यायालयाने फक्त सोयींच्या किमतीतला फरक मोजून तुटपुंजी रक्कम दिली होती, भरलेल्या पैशांच्या निम्मी. अपिलात ती जवळपास चौपट झाली, भरलेल्या पैशांच्या दुप्पट. हिरमोडालाही किंमत असते, हे तिथे मान्य झालं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण मानसिक त्रासाची भरपाई आपले ग्राहक आयोगही देतात. मात्र रकमा बेताच्या असतात, लाखांची स्वप्नं बघू नका.

‘नो रिफंड’ची ओळ सेवा देणाऱ्याला स्वतःच्या चुकीतून सोडवत नाही. फक्त एक खोच आहे. ‘हा करारच अनुचित आहे’ अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. म्हणून तक्रारीत सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हेच शब्द ठेवा, म्हणजे काम सांगलीतच होईल. एजंट कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, मुदत दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो. माझ्या अनुभवात तारखा जास्त लागतात.

म्हणून आधी समेट करून बघा. उटीहून दुपारी खाली येणारी गाडी याच दातेरी टप्प्यावरून उतरते. तिच्यात दोन जागा आहेत का, किंवा एखादा दिवस पुढेमागे करून चालतंय का, हे त्याला लेखी विचारा. नाही म्हणाला तर पंधरा दिवसांची नोटीस द्या, सोबत 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. विमानाची तिकिटं खरोखर काढली असतील, तर ती रद्द करण्याचा खर्च सोडून बाकी रक्कम मागणं व्यवहाराला धरून आहे. अडून बसायचं तर पूर्ण 92,000 मागण्याचाही तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्याच्या नावावरची तिकिटं ‘जुळवून’ देतो म्हणाला तर साफ नकार द्या. तिकीट असं हस्तांतरित करणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे.

एक वेगळी शक्यताही धरून चला. आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, त्यामुळे लग्नाचे वाढदिवस नोव्हेंबरात. आणि तिकडे नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस. कल्लार-कुन्नूर टप्प्यावर दरडी पडतात, गाडी बंद राहते. अशा वेळी एजंटाला दोष देता येणार नाही. पण करार कायद्याच्या कलम 65 प्रमाणे, न झालेल्या गोष्टीसाठी घेतलेले पैसे त्याला ठेवूनही घेता येत नाहीत. रेल्वेने गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात, पण एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचे त्याच्याच खात्यात. समेट होऊन एजंटाकडून नवा मेसेज घ्याल, तेव्हा हे पैसे तुम्हाला परत देण्याचंही कबूल करून घ्या.

आणि घरी सांगून टाका. तक्रारीत पत्नीचं नाव दुसऱ्या तक्रारदार म्हणून घालायचं आहे, त्यांची सही लागेल.