८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सायबर सिक्युरिटी शिकायची आहे. काली थेट टाकू की व्हीएममध्ये?

तुम्ही लिहिलंय की घरात सगळ्यांचा मिळून एकच लॅपटॉप आहे, रॅम ८ जीबी, आणि क्लासचे सर म्हणतात व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत खिडकीत चालणारा नकली कॉम्प्युटर) भानगडीत पडू नकोस, काली लिनक्स (सिक्युरिटीच्या साधनांसकट येणारी ऑपरेटिंग सिस्टिम) थेट टाक. शिवाय व्हीएम चालवायला व्हर्च्युअलबॉक्स घ्यावं की व्हीएमवेअर, हेही विचारलंय.

व्हीएममध्येच टाका. 'सगळ्यांचा मिळून एकच' हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, कारण २०१८ साली आमच्या घरीही तसंच होतं.

आम्ही कळव्याला राहतो. बाबा तेव्हा सोसायटीचे खजिनदार होते. ३२ बिऱ्हाडं. प्रत्येकाचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, टँकरची बिलं, सगळा ६ वर्षांचा हिशेब त्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये. मी नौपाड्यातल्या एका क्लासला जायचो. तिथल्या सरांचं वाक्य ठरलेलं होतं: "व्हीएमवर शिकलेली पोरं कच्ची राहतात." मी विचारलं होतं, सर, डी ड्राइव्हवर डेटा आहे, तो राहील ना? ते हो म्हणाले. पार्टिशनच्या पायरीला मी अडलो, तेव्हा ते पाठीमागेच उभे होते. "वरचाच पर्याय घे, पुढे चल." वरचा पर्याय म्हणजे पूर्ण डिस्क वापरा. त्यानंतर इन्स्टॉलर एकदा शेवटचं विचारतो, बदल डिस्कवर लिहू का? तिथे आधीपासून 'नो' निवडलेलं असतं. मी 'येस'वर जाऊन एंटर मारलं.

घरी येऊन पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवलं. शेकडो फाइली नुसत्या आकड्यांच्या नावांनी परत आल्या. हिशेबाची फाइल सापडली, पण उघडेना. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, पावतीपुस्तकं वर्षवार लावली आणि स्थळप्रतींवरून आकडे वाचायला सुरुवात केली. जुन्या पुस्तकांतला कार्बन पुसट झाला होता. ते चष्मा कपाळावर सरकवून पान ट्यूबलाइटच्या उजेडात धरायचे, आकडा दोनदा सांगायचे, मी टाइप करायचो. असे पाच रविवार गेले. मधे एकदा एवढंच म्हणाले, "अरे, हा लोकांचा पैसा आहे."

सरांना सांगितलं तर म्हणाले, बॅकअप घ्यायला हवा होतास. खरं आहे, घ्यायलाच हवा होता. पण पोरांच्या घरच्या मशीनवर डिस्क पुसायला सांगणाऱ्या माणसाने आधी बॅकअप घेतलाय का, हे विचारायला नको?

त्यानंतर मी व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. ते फुकट आहे, तेच घ्या. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोसुद्धा २०२४ पासून फुकट आहे आणि चांगलं आहे, पण हे की ते यात दिवस घालवू नका. कालीच्या साइटवर व्हीएमसाठी तयार इमेज मिळते, इन्स्टॉलरच्या वाटेला जायचंच नाही. युजर काली, पासवर्डही काली. तिला २ जीबी रॅम द्या. मार खायला मेटास्प्लॉइटेबल २ हे मुद्दाम भोकं ठेवलेलं मशीन घ्या, त्याला ५१२ एमबी पुरते. म्हणजे ८ जीबीत विंडोजसकट सगळं बसतं. हार्डडिस्क जुनी फिरणारी असेल तर रॅम वाढवण्याआधी एसएसडी टाका. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते पाहा. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं स्वतःचं व्हीएम चालवणारं हायपर-व्ही मधे आलंय, ते बंद करा.

नेटवर्क मात्र नीट समजून घ्या. मेटास्प्लॉइटेबलला फक्त होस्ट-ओन्ली, म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि त्यातल्या व्हीएम यांच्यापुरतंच नेटवर्क. ब्रिज्ड केलंत तर ते तुमच्या घरच्या राउटरवर जाऊन बसतं आणि वायफायवरचा कोणीही त्यात शिरू शकतो. कालीला दोन अडॅप्टर द्या, एक अपडेटसाठी नॅट (लॅपटॉपमार्फत इंटरनेट), दुसरा होस्ट-ओन्ली. सगळं लागलं की दोन्हींचा स्नॅपशॉट काढा, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा.

आता कच्चं राहण्याबद्दल. मेटास्प्लॉइटेबलवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइली देण्या-घेण्याचा सर्व्हर प्रोग्राम चालतो. क्लासमध्ये आम्ही मेटास्प्लॉइट या हल्ल्याच्या साधनात तयार मॉड्यूल लावून शेल (त्या मशीनवर हुकूम चालवायची खिडकी) मिळवलं आणि टाळ्या वाजवल्या. घरी मी २१ नंबरच्या पोर्टला हाताने जोडलो, युजरच्या नावाच्या शेवटी कोलन आणि बंद कंस टाकला, म्हणजे आपला हसरा चेहरा, पासवर्ड काहीतरी दिला, आणि दुसऱ्या खिडकीतून ६२०० पोर्टला गेलो. थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. मग शोधलं की २०११ मध्ये कोणीतरी त्या प्रोग्रामच्या डाउनलोडमध्येच हे मागचं दार घुसवलं होतं. डाउनलोडचा शा-२५६ (फाइल बदललेली नाही ना, हे ताडून पाहायचा आकडा) का तपासायचा, हे मला तेव्हा कळलं. कालीची इमेज उतरवाल तेव्हा तुम्हीही तपासा. मशीन मी किती वेळा मोडलं याची गणती नाही. स्नॅपशॉटवर मागे गेलं की मिनिटभरात पुन्हा उभं. थेट टाकलेल्या कालीवर माझी ती छाती झाली नसती.

आज मी ऐरोलीत एका एसओसीमध्ये (सायबर हल्ल्यांवर पाळत ठेवणाऱ्या केंद्रात) शिफ्ट करतो. संशयास्पद अटॅचमेंट आली की आम्ही ती वेगळ्या व्हीएममध्ये उघडतो, काय करते ते बघतो आणि स्नॅपशॉट मागे घेतो. शेजारी १२ वर्षं अनुभव असलेल्या मॅडम बसतात, त्याही तेच करतात. सर, त्यांना कच्च्या म्हणून दाखवा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. वायफायचा अभ्यास करायचा असेल तर व्हीएमला लॅपटॉपचं आतलं कार्ड मिळत नाही, मॉनिटर मोड (आजूबाजूची सगळी वायफाय वाहतूक ऐकण्याची सोय) चालणारा यूएसबी अडॅप्टर लागतो. ग्राफिक्स कार्डवर पासवर्ड फोडणंही व्हीएममध्ये जमत नाही. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर आहे, पण ती पहिल्या वर्षाची कामं नाहीत. शेजाऱ्याच्या वायफायवर हात साफ करू नका. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. एम सिरीजचा मॅक असेल तर मेटास्प्लॉइटेबल फार रेंगाळतं, माझं वरचं सगळं इंटेल-एएमडीसाठी आहे.

आणि व्हर्च्युअलबॉक्स टाकण्याच्या आधी, आज रात्रीच, घरातल्यांना विचारा की या लॅपटॉपवर कोणाचं काय काय आहे. ते सगळं पेनड्राइव्हवर घ्या, आणि त्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडतात का तेही बघा.