रेकॉर्डिंगला बसण्याआधी एवढं वाच
भावा, कॉम्प्युटरवर नेटवरचा नुसता रेडिओ नायतर भजनाचा लाईव्ह ऑडिओ रेकॉर्ड करून पायजे असेल तर ओबीएसच्या (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) नादी लागू नको, व्हीएलसी हा प्लेअर पुरतो, नेटवर्क स्ट्रीममध्ये लिंक टाक, व्ह्यू मेनूतनं ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू कर, लाल बटण येतंय ते दाब, १२८ केबीपीएस क्वालिटीला तासाला ५८ एमबीच्या आसपास जागा जाते. व्हिडिओला मात्र ओबीएसच, पण फॉरमॅट एमकेव्ही ठेव, साधं एमपी४ नको. हे जीव तोडून सांगतोय, कारण गेल्या पावसाळ्यात इथं सांगलीत कीर्तन रेकॉर्ड करताना लाईट गेली आन् दोन तासांची एमपी४ फाईल उघडलीच नाही, आईसाठी घेत होतो ती. एमकेव्ही असती तर लाईट जाईपर्यंतचं वाचलं असतं, नंतर ओबीएसमध्येच रिमक्स करून (म्हणजे क्वालिटी तशीच ठेवून नुसता फाईलचा फॉरमॅट बदलून) एमपी४ होतंय. आधी दोन मिनिटं टेस्ट घे आन् हेडफोन लावून ऐक.