‘काय खाल्लं म्हणून कोड झाला?’

अंगावर पांढरे डाग दिसू लागले की घरात जो प्रश्न सर्वांत आधी निघतो, तोच समुपदेशक म्हणून माझ्यासमोरही सर्वांत आधी येतो: ‘मॅडम, हिच्या खाण्यात नेमकं काय आलं असेल?’ कोणी माशांवर दूध प्यायल्याचे सांगतो, कोणी कोकमाच्या आंबटाचे, तर कोणी सगळ्याच पांढऱ्या पदार्थांवर संशय घेतो. हा प्रश्न इतक्या घरांतून ऐकला आहे की एका मायलेकींशी अनेक भेटींत झालेले बोलणे, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडावेसे वाटले.

कुटुंब मालवणकडचे आणि मुलगी अकरावीत. बोटांच्या पेरांवर आणि दोन्ही कोपरांवर डाग होते, कपाळावरचा डाग तर नेमका टिकलीएवढा. दोन वर्षे तिच्या पानातून बांगडा, सोलकढी, दही, लोणचे सारे बंद झाले होते. घरात मासे केले की ती आपले ताट घेऊन आतल्या खोलीत बसत असे. आईने स्वतःही मासे सोडले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले मलम मात्र महिनाभरात फरक दिसेना म्हणून बंद पडले होते.

मी आईंना विचारले, ‘ताई, तुमच्या वाडीत माशांचं जेवण जेवून वर दुधाचा चहा घेणारी माणसं किती असतील?’

‘सगळीच की.’

‘आणि त्यांच्यात कोड किती जणांना आहे?’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या हिलाच.’

कोडात शरीराची संरक्षणव्यवस्था त्वचेला रंग देणाऱ्या स्वतःच्याच पेशींवर उलटते, त्या पेशी नष्ट होतात आणि तेवढा भाग पांढरा पडतो. जगात साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना तो होतो. भारतातील पाहण्यांत गुजरात आणि राजस्थानात, म्हणजे जेथे पिढ्यान्‌पिढ्या मासा न शिवलेली घरे पुष्कळ आहेत तेथेच, त्याचे प्रमाण अधिक नोंदले गेले आहे. तो स्पर्शाने पसरत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. विरुद्ध आहाराचा, म्हणजे काही पदार्थ एकत्र खाऊ नयेत हा, विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि तो मानणाऱ्या माणसांचा मी अवमान करत नाही. पण मासे आणि दूध एकत्र पोटात गेल्याने कोड होतो, याला पुरावा मिळालेला नाही.

हे ऐकून आईंचा जीव हलका होईल, असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘खाण्यातून नाही, तर मग रक्तातून आलं. म्हणजे माझ्याकडूनच ना?’ आणि तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर पडली. मुलीच्या वेळी दिवस गेलेले असताना त्यांनी माशांच्या जेवणानंतर खरवस खाल्ला होता, आणि डाग दिसल्या दिवसापासून सासूबाई त्यांना त्याची आठवण देत होत्या.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे दुःखामागचे समज तपासून पाहत, काम करते. माणसाला दुःखापेक्षा त्या दुःखाविषयीचा हट्टी समज अधिक छळतो, हे मी माझ्या कामात रोज पाहते. या माउलीचा समज असा होता की लेकीला काही झाले, तर त्यात कोणाची तरी चूक असलीच पाहिजे. म्हणून एक आरोप पुसताच तिने दुसरा स्वतःवर ओढून घेतला. मी तिला सांगितले की एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असला तरी दुसऱ्याला तो साधारण चारांतल्या एकाच जोडीत होतो. अनुवंशाचा वाटा आहे, पण सारे रक्त तेच असूनही जे ठरत नाही, त्याचा दोष एका आईच्या माथी कसा मारायचा?

तोवर गप्प बसलेली मुलगी तेव्हा बोलली. ‘मग दोन वर्षं मी शिक्षा कशाची भोगत होते, आई?’

आई म्हणाल्या, ‘मला वाटायचं, निदान काहीतरी करतेय मी तुझ्यासाठी.’

कुपथ्याच्या या समजुती इतक्या चिवट का, हे मला त्या एका वाक्यात कळले. त्यांनी हतबल आईला करायला काहीतरी मिळते. परंतु पान वेगळे झालेल्या मुलीला मात्र रोज दोन वेळा कळते की आपण घरात दोषी आहोत. म्हणूनच पथ्य नुसते काढून घेऊन मी थांबले नाही, करण्याजोगे खरे काम आईंच्या हाती दिले. मुलीचे उपचार पुन्हा सुरू करून ते टिकवण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी चिकट टिकली बंद करायला सांगितली, कारण काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनाने त्या जागचा रंग जाऊ शकतो. दोन वर्षे स्वयंपाकघरावर संशय घेतला गेला, आणि टिकली रोज कपाळावर होती.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आग्रहाने सांगते की मलम किंवा प्रकाशोपचार यांचा अंदाज महिन्याभरात येत नाही, कित्येक महिने द्यावे लागतात. चेहरा बहुधा चांगला प्रतिसाद देतो, ओठ आणि बोटांची टोके कमी देतात, हे आधीच ठाऊक असले तर निराशेने उपचार सुटत नाहीत. बावची या वनस्पतीचे तेल लावून मुलांना उन्हात बसवू नये; त्याने त्वचा भाजून फोड आलेले मी पाहिले आहेत. खरचटलेल्या आणि सतत घासल्या जाणाऱ्या जागी नवे डाग उठू शकतात, म्हणून घट्ट पट्टे आणि चपलांचे बंद तपासावेत. कोणी विचारलेच, तर काय उत्तर द्यायचे ते मुलांनाच ठरवू द्यावे. या मुलीने ठरवले होते, ‘कोड आहे, लागत नाही, उपचार चालू आहेत’. आणि पुढे ती हे आईच्याही आधी बोलू लागली.

मूल जेवेनासे झाले, कॉलेज टाळू लागले किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर डाग जाण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी समुपदेशक गाठा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीत बोलता येते.