नाही म्हटलं की नाहीच समजतात

तुझा निरोप मामाकडून मिळाला. सप्टेंबरात तू इंग्लंडात लेस्टरला शिकायला येतोयस, आणि घाटंजीकडे आईला एकच घोर लागलाय: "पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर परक्या मुलखात माझ्या पोराले पाणी कोण देईन?" तू म्हणे हसण्यावारी नेलंस. मी जानेवारी २०२० मध्ये याच शहरात उतरले होते, दोन महिन्यांत सगळं बंद झालं. त्यामुळे मला काही हसू येत नाही.

आपल्याकडे मदत मागावी लागत नाही, उलट ती टाळणंच अवघड. त्या वर्षी गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. पुण्याहून आलेल्या पोट्ट्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं होतं. त्यांच्या घरचा डबा शाळेच्या फाटकावर यायचा, सोबत शेजारणीची भाजीही. आशाताई रोज ताप विचारून जायची. भीतीही होती, टोमणेही होते, पण कोण आजारी आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. इथं ते कोणालाच ठाऊक नसतं, मोठा फरक तेवढाच.

मला एप्रिलमध्ये ताप आला. आम्ही सहाजण एका घरात, स्वयंपाकघर एकच. तीन दिवस मी खोलीतून बाहेर पडले नाही, चिवडा आणि नळाचं पाणी. त्याआधी मार्चमध्येच दारातून एक चिठ्ठी आत पडली होती: मी याच गल्लीत राहतो, किराणा किंवा औषध लागलं तर फोन करा, खाली नंबर. अशा चिठ्ठ्या तेव्हा इंग्लंडभर लोकांनी स्वतःहून वाटल्या होत्या. सरकारनं आरोग्यसेवेसाठी अडीच लाख स्वयंसेवक मागितले, तर काही दिवसांत साडेसात लाखांनी नावं दिली. आणि आमची चिठ्ठी मिठाच्या डब्याखाली दबून पडली होती.

चौथ्या दिवशी फोन केला. दोन दारं सोडून राहणारा माणूस दूध, ब्रेड, पॅरासिटामॉल उंबऱ्यावर ठेवून फुटपाथवर जाऊन उभा राहिला. म्हणाला, अजून काही लागेल का? मी म्हटलं, "नाही, नाही, भरपूर झालं." तो बरं म्हणाला आणि गेला. मी खिडकीतून बघत राहिले. आपल्याकडे पाहुणा दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा ताट वाढलं जातंच. इथं पहिलाच नाही पक्का धरतात. त्याला उद्धटपणा समजू नकोस, तो त्यांच्या मते तुझा मान आहे. दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा फोन करून तांदूळ, डाळ आणि लिंबं सांगितली, अगदी यादी करून. त्याला उलट बरं वाटलं.

आता कामाचं. आल्या आल्या, ताप नसताना, जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. पैसे पडत नाहीत. आरोग्य अधिभार, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, तू व्हिसासोबत भरलाच असशील, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे उपकार कोणाचे नाहीत. जीवावरचं नाही पण थांबताही येत नाही असं दुखणं असेल तर १११ ला फोन कर. इंग्रजी अडलं तर दुभाषी माग, देतात. जीव धोक्यात असेल तर ९९९.

तुझ्या व्हिसावर सरकारी निधीचा आधार नाही असं लिहिलेलं असेल. त्या एका ओळीनं आमच्यातल्या अर्ध्या पोरांना उपाशी ठेवलं. त्यांना वाटलं, फूड बँकेतून, म्हणजे अडलेल्यांना फुकट किराणा मिळतो तिथून, पिशवी आणली तर व्हिसा जाईल. त्या ओळीचा अर्थ सरकारी भत्ते, घरभाड्याची मदत असा आहे. फूड बँक लोकांच्या देणगीवर चालते, ती त्यात येत नाही. गुरुद्वाऱ्याचा लंगरही नाही. कोविडची तपासणी आणि उपचार तर व्हिसा न विचारता सगळ्यांना फुकट होते. बहुतेक विद्यापीठांत अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा निधी असतो. त्याची चौकशी फी भरतानाच करून ठेव.

आणि रोख पैसे हातात देणारं काम धरू नकोस. मी एका हॉटेलात भांडी घासायची, मालक दर शनिवारी पाकीट द्यायचा, मला वाटायचं बरंय. टाळेबंदीत पगारपत्रकावर नाव असलेल्यांना, माझ्यासारखा व्हिसा असला तरी, सरकारकडून पगाराच्या ८० टक्के मिळत होते, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत. माझं नाव कुठंच नव्हतं. मालकानं फोन उचलणं बंद केलं.

माणसं कुठं भेटतील? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, पण लेस्टरहून ते रोजच्या अडचणीला लांब पडतं. मला इथं मराठी घरं दोनच सापडली, तीही गणपतीत. खरा आधार बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती किराणा दुकानातल्या मावशींचा झाला. आधी मी तिथं नुसती तुरीची डाळ घ्यायची. मग एकदा सांगितलं की आमच्या वावरातही तूर असते, तेव्हापासून बोलणं सुरू झालं. जून २०२० च्या शेवटी सगळा देश उघडायला लागला आणि लेस्टरवर मात्र पुन्हा निर्बंध आले, देशातले असे पहिलेच. तेव्हा त्या उधारीवर किराणा द्यायच्या. उधारी, इथं! म्हणून म्हणते, ओळख सुखाच्या दिवसात करून ठेव. घरातल्या बाकीच्यांनाही पहिल्याच आठवड्यात तुझ्या घरचा नंबर देऊन ठेव.

एक गोष्ट मात्र कोणाच्या मदतीनं सुटत नाही, ती आईपासून लपवू नकोस. एप्रिल २०२१ मध्ये माझे काका गेले. २३ एप्रिलपासून इंग्लंडनं भारताला कोविडच्या लाल यादीत, म्हणजे प्रवासावर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या देशांत, टाकलं. जाऊन परत आले असते तर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, त्याचे १,७५० पौंड. माझ्याकडे तेवढे नव्हते. गावातल्या पोरांनी सगळं केलं, मी फोनवर पाहिलं. त्या संध्याकाळी मावशींनी दुकान बंद करून खिचडी पाठवली. मी नाही म्हटलं नाही.

आईसाठी एका कागदावर मराठीत तीन नंबर लिही: तुझ्या घरातल्या एखाद्याचा, विद्यापीठाच्या मदत कक्षाचा आणि माझा. माझा मामाकडे आहे. कागद देवघराजवळ चिकटव. येताना तिखट जास्त आण, त्यातलं अर्धं मावशींना दे.