नाव नोंदवण्याआधी

जळगाव

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर पाच अभ्यासक्रमांना नाव नोंदवले, एकही पूर्ण झाला नाही, आता सहावा घ्यावा का, असे तू विचारले आहेस. घ्यावास, पण या सत्रात तो एकच असावा आणि नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयात काही गोष्टी पक्क्या करून घ्याव्यास, असे माझे मत आहे.

अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमांचा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर चालवलेल्या अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे आढळले, आणि निम्म्याहून अधिक लोकांनी तर पहिला पाठही उघडला नव्हता. मात्र प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्के होते. फुकट नोंदणी जितकी सोपी, तितकीच ती विसरणेही सोपे. ज्याला अभ्यासक्रमातून पुढे काही मिळवायचे असते, तो बहुधा टिकून राहतो.

तुझ्यासाठी ते ‘काही’ म्हणजे श्रेयांक, म्हणजेच पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत ‘स्वयम्’मधून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या ‘स्वयम्’वरील उपक्रमाचा, बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारणपणे तीन श्रेयांकांचा धरला जातो. कागदावर हे सारे चांगलेच आहे. परंतु तू निवडलेला अभ्यासक्रम तुमच्या महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने मान्य केलेल्या यादीत आहे का, तो कोणत्या विषयाच्या जागी धरला जाणार आणि त्याचे गुण परीक्षा विभागाकडे कोण पाठवणार, हे आधी ठरलेले नसेल, तर हाती आलेले प्रमाणपत्र घरात फाईलला लावून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही. म्हणून समन्वयक प्राध्यापकांना भेट, अर्ज दे आणि उत्तर लेखी घे. हे काम पूर्ण तासिका घेणाऱ्या एखाद्याच प्राध्यापकावर टाकून महाविद्यालये मोकळी होतात, हे मला अजिबात पटत नाही. मुले अर्ध्यावर सुटण्यामागे हेही मोठे कारण आहे.

दुसरी अडचण भाषेची, आणि आपल्या भागात तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. घरात अहिराणी, बारावीपर्यंत मराठी आणि मग एकदम एखाद्या आयआयटीतल्या प्राध्यापकांचे भरभर इंग्रजी व्याख्यान! विषय डोक्यात शिरत नाही असे मुलांना वाटते, पण बहुतेक वेळा विषय कळण्याजोगा असतो, बोलणे तेवढे निसटते. यावर उपाय असा, की याच सत्रात वर्गात शिकत असलेल्या विषयाचाच अभ्यासक्रम निवडावा, म्हणजे संकल्पना ओळखीच्या असतात. व्याख्यान ऐकण्यापूर्वी त्याचे लेखी रूप वाचावे; एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचे ते मराठीतही मिळते. संगणकाचे प्राथमिक शिक्षण हवे असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’मधील मराठी पाठांपासून सुरुवात कर. त्यात कसलाही कमीपणा नाही.

घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर भावाकडे असतो, असे तू लिहितेस. मग व्हिडिओ महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच पाहा किंवा उतरवून घे, आणि फोन हाती येईल तेव्हा केवळ गृहपाठ भर. त्याला फारसा डेटा लागत नाही. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवरच्या मुलांना तर नेटवर्कसाठीच वाट तुडवावी लागते, त्यांना हा सल्लाही पुरणारा नाही, याची मला जाणीव आहे.

जुलैच्या सत्राचे शेवटचे आठवडे आणि परीक्षा नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत येतात. तुझ्या चोपडा तालुक्यात त्या दिवसांत घरातला प्रत्येक हात शेतात लागतो, तेव्हा रोज अभ्यास होईल असे गृहीत धरून वेळापत्रक आखू नकोस. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारांपैकी सर्वाधिक गुणांचे आठच गृहपाठ मोजले जातात, म्हणजे चार आठवडे हुकले तरी निभावते. पहिले आठ गृहपाठ वेचणीआधीच नीट करून टाक. ते शक्य दिसत नसेल, तर जानेवारीच्या सत्राची वाट पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. अभ्यासक्रमाची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी वेगवेगळी असते. परीक्षेचा अर्ज ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून करावा लागतो, केंद्राचे शहर तेव्हाच निवडायचे असते आणि परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. एनपीटीईएलमध्ये गृहपाठांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी गृहपाठांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण मिळायला हवेत, एक बाजू भक्कम असून भागत नाही. शुल्कात सवलत मिळण्यास तू पात्र आहेस का, तेही अर्ज भरताना पाहा. विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख त्याच दिवशी येत असेल, तर वेळापत्रक लागताच समन्वयकांना लेखी कळव, आणि शुल्काची अडचण आली तर संकोच न करता मला सांग.

तुझा,
सर